बेगडाचे तेज

मिलानला जाऊन ‘ला स्काला’ पाहिले नाही, तर पंढरपुरास जाऊन विठोबाला न भेटता परतल्यासारखेच! पण आमच्या दोन दिवसांच्या मुक्कामात खेळाचे तिकीट काही मिळाले नाही. निदान नाट्यगृहाचे संग्रहालय तरी पाहावे, म्हणून मी आणि सौ. सकाळीच बाहेर पडलो.

बाहेरून इमारत तशी साधीच. पियेरमारिनी या वास्तुशिल्पकाराने ती बांधली आणि ३ ऑगस्ट १७७८ रोजी येथे पहिला ऑपेरा झाला. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तिची दुर्दशा झाली. पण १९४६ साली ती पुन्हा गाऊ लागली.

संग्रहालयातून एका सज्जात शिरून प्रेक्षागृह पाहता येते. लाल मखमल, सोनेरी नक्षी आणि एकावर एक असे सहा मजले! अगदी वरच्या मजल्यावर स्वस्त जागांचे रसिक बसतात. सूर चुकला तर भल्याभल्यांची गय न करणारे म्हणून त्यांची ख्याती.

सौ.नी मान वर करून पाहिले आणि विचारले, “अहो, एवढ्या उंचीवरून त्या बाईच्या गळ्यातलं काही दिसत तरी असेल का?”

प्रश्न बायकी म्हणून हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. खरा हिरा लहान. त्याचे तेज चार हातांवरून पाहायचे. रंगभूमीवरचा दागिना शेवटच्या रांगेपर्यंत बोलला पाहिजे. म्हणून तेथे खडे काचेचे, पण ठसठशीत. काचेत शिसे मिसळले की ती अधिक झळकते. अठराव्या शतकात पॅरिसमधल्या स्ट्रास नावाच्या जवाहिऱ्याने असे खडे इतके लोकप्रिय केले की, त्याचे नावच त्यांना चिकटले. पुढे बोहेमियात जन्मलेल्या डॅनियल स्वारोव्स्कीने काचेला पैलू पाडण्याचे यंत्र काढले आणि १८९५ साली टिरोलमधील वाटेन्स गावी कारखाना घातला. मारिया कॅलास (१९२३–१९७७) या थोर गायिकेचे रंगभूमीवरचे कितीतरी दागिने याच मिलान शहरातल्या मारांगोनी यांच्या कारखान्यात, स्वारोव्स्कीचे खडे जडवून घडले. राणीचा मुकुट घालायचा, पण त्याने मान अवघडता कामा नये. कंठा घालायचा, पण श्वास मोकळा राहिला पाहिजे!

अशा खड्यामागे पुष्कळदा चकचकीत पत्रा लावलेला असतो. आत शिरलेला प्रकाश तो परत फिरवतो. आपल्याकडे त्याला बेगड म्हणतात. वर्गात मी ‘बेगडी’ या शब्दाचा अर्थ ‘खोटा, दिखाऊ’ असा वर्षानुवर्षे सांगत आलो. बिचाऱ्या बेगडाचे काम काय, हे मात्र कधी सांगितले नाही.

त्या सज्जात उभा असताना मला एकाएकी आई आठवली. माझ्या एम. ए.च्या फीसाठी तिने पाटल्या मोडल्या. पुढे मामेबहिणीच्या लग्नात ती मुलाम्याच्या पाटल्या घालून आली. कुणीतरी नातेवाईक बाई हळूच म्हणाल्या, “खोट्या दिसतात.” ते माझ्या कानावर पडले आणि मी शरमलो. आई मात्र ताठ मानेने दिवसभर वाढत होती. त्या पाटल्यांनी तिची मान अवघडली नव्हती. अवघडलो होतो तो मी, आणि तेही तिच्याच सोन्यावर शिकून!

परतताना एका दुकानातून लाल काचमण्यांची माळ घेतली. घरी आल्यावर ती आईच्या हातावर ठेवली.

“खरी आहे का रे?”

“नाही गं, काचेची.”

“बरं झालं. म्हणजे रोज घालता येईल!”

मग धीर करून मी त्या लग्नातली गोष्ट काढली. आई माळेचा फासा चाचपीत म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. पंगतीत तू माझ्याकडे बघत नव्हतास.”

मला काय बोलावे सुचेना. तिने माळ गळ्यात घातली, आरशात पाहिले आणि विचारले, “आता बघ बरं, कशी दिसते?”

या वेळी मी नीट पाहिले.