सनद आणि वाणी

वकिलाच्या सनदेवर त्याचे नाव असते, मुद्रा असते. त्याने काय बोलू नये, हे मात्र तीवर लिहिलेले नसते. ते अलिखित कलम किती कडक असू शकते, याचा प्रत्यय १९१९ मध्ये अहमदाबादच्या काही वकिलांना आला. रौलट कायद्याच्या निषेधार्थ त्यांनी सत्याग्रहाच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या. हा कायदा, तसेच सत्याग्रह-समिती ठरवील ते अन्य कायदे, आपण सविनय मोडू, असे त्या प्रतिज्ञेत म्हटले होते. पुढे समितीने निवडले ते बंदी घातलेल्या साहित्याविषयीचे आणि वृत्तपत्रांच्या नोंदणीचे कायदे; म्हणजे मुद्रित शब्दावरचीच बंधने.

अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहून या सह्यांकडे लक्ष वेधले. कायदा मोडण्याची प्रतिज्ञा करणाऱ्याने कायद्याच्याच दारी पक्षकारांची बाजू मांडावी काय, हा प्रश्न पोकळ नव्हता. वकील हा न्यायालयाचाही सेवक असतो, त्याच्यावर पक्षकार विसंबतो, म्हणून तर सनदेची प्रथा. उच्च न्यायालयाने सनदा काढून घेतल्या नाहीत, ताकीद दिली. पण ज्याच्या घरची चूल सनदेवर पेटते, त्याला ताकीद पुरेशी असते. बंदीचा हुकूम न निघताही माणसे गप्प बसू शकतात, ती अशी.

केनेडींचे ते पत्र गांधींनी 'यंग इंडिया'त टीकेसह छापले. त्याबद्दल गांधी आणि प्रकाशक महादेव देसाई यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचे प्रकरण चालले. गांधींनी क्षमा मागण्यास नकार दिला. मार्च १९२० मध्ये न्यायालयाने दोघांना कडक समज दिली. वकिलांच्या वाणीवरील अंकुशाची चर्चा करणारी वाणीही अशी अंकुशाखाली आली.

१९२२ मध्ये त्याच पत्रातील तीन लेखांसाठी गांधींना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या 'इनर टेंपल'ने आपल्या बॅरिस्टरांच्या यादीतून त्यांचे नाव काढून टाकले. १८९१ मध्ये मिळालेली ती पदवी तेव्हा त्यांच्या उपजीविकेचे साधन उरली नव्हती. संस्थेला त्यांचे काही हिरावून घेता आले नाही. अहमदाबादच्या वकिलांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ होते, आणि तरीही त्यांनी सही केली होती. इतिहासात नाव मोठे झाले ते गांधींचे. सनदेचा भार मात्र त्या सह्यांवर अधिक पडला होता.

'इनर टेंपल'ने गांधींचे नाव १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, पुन्हा यादीत घातले. त्याच्या कितीतरी आधी भारताच्या संविधानाने १९व्या अनुच्छेदाच्या एकाच खंडात भाषणाचे आणि व्यवसायाचे अशी दोन्ही स्वातंत्र्ये शेजारी-शेजारी बसविली होती. दोहोंवर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तेथेच आहे. व्यवसायाची पात्रता तपासणे हे समाजाचे काम खरेच. पण एका स्वातंत्र्याचे मोल दुसऱ्याने चुकवावे लागले, तर हा शेजार कागदावरच राहतो.