मॅनिफोल्डला पट्टी

मराठी पानासाठी तंजावरहून कोणी लिहावं, याचं काही कॅडेट मित्रांना नवल वाटेल. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात इथे गादी स्थापन केली, तेव्हापासून आमच्यासारखी बरीच घरं कावेरीच्या पाण्यावर वाढली. घरात मराठी, दारात तमिळ. मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख आहे. लहानपणी त्याच्या अक्षरांवरून बोट फिरवत आम्ही वाचायला शिकलो. छापण्याजोगी मराठी मात्र मला ईएमईमधल्या नोकरीने दिली. आमची वर्कशॉप तुकडी मराठा पलटणीबरोबर होती आणि तिथले जवान माझ्या तंजावरी बोलीला हसत हसत ती सुधारत गेले.

आजचा विषय इतिहासाचा नाही. गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी की गुंडाळू नये, एवढाच आहे. आमचा चिरंजीव तुमच्यातलाच एक कॅडेट. मे महिन्याच्या सुट्टीत तो घरी आला तो अशा पट्टीचं एक वेटोळं घेऊनच. स्कॉलरशिपमधून वाचवलेल्या पैशांतून आणलेलं, त्यामुळे ‘नको’ म्हणणं सोपं नव्हतं. आणि ‘हो’ म्हणणंही नाही, कारण याच गाडीतून आठवड्यातून दोनदा माझ्या आईला दवाखान्यात न्यावं लागतं. गाडी रस्त्यात बंद पडली तर पंचाहत्तरीची बाई उन्हात बसून राहणार.

गाडी म्हणजे मारुती जिप्सी, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन. फौजेत हिच्याखाली मी इतके तास पडून काढले आहेत की आता घरचीच वाटते. मॅनिफोल्ड म्हणजे चार सिलिंडरांतून निघालेला जळका वायू गोळा करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा बिडाचा चार बोटांचा पंजा. गाडी जोरात पळत असताना त्यातून जाणारा वायू ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतो. अंधारात बोनेट उघडलं तर बीड मंद लाल दिसावं, अशी ही जागा. तंजावरच्या मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीला टेकलेला असतो, दमट हवेत घाम वाळत नाही, आणि त्यात बोनेटखालचा हा निखारा. गेल्या वर्षभरात आमच्या गाडीच्या बोनेटवर हात ठेवणं अशक्य झालं होतं. पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांना धग लागायची.

मुलाचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं, हे आधी सांगतो. पट्टीमुळे उष्णता नळीतच राहते. गरम वायू पातळ असतो, वेगाने पळतो, मागच्या वायूला ओढून नेतो. बोनेटखालची हवा थंड राहिली आणि इंजिनाने तीच हवा ओढली, तर दर दहा अंशांमागे हवा सुमारे तीन टक्के दाट मिळते, म्हणजे तेवढी ताकद. हे सगळं त्याने वहीत मांडून आणलं होतं. गणित बरोबर होतं. फक्त जिप्सीच्या एअर क्लीनरची नळी हवा कुठून घेते, ते त्याने पाहिलं नव्हतं. ती हवा पुढून, जाळीच्या बाजूने घेते. मॅनिफोल्डच्या अंगावरची नाही. मी त्याला नळीवरून हात फिरवायला सांगितला, तेव्हा त्याने वहीतल्या त्या ओळीवर स्वतःच काट मारली.

ही पट्टी कशाची असते? काचेच्या धाग्याची, किंवा बसाल्ट वितळवून ओढलेल्या धाग्याची. आमची बसाल्टची होती. ज्या काळ्या पाषाणावर राजगड, रायगड उभे आहेत, त्याच जातीचा खडक धागा होऊन ग्रॅनाइटच्या मंदिराच्या गावात आला, याची मला उगाच गंमत वाटली. जुन्या गाड्यांवर मात्र कधी कधी पांढुरकी ॲसबेस्टॉसची दोरी सापडते. ती दिसली तर ओढू नका, कापू नका. तिचा भुगा फुप्फुसात बसतो आणि त्याचे रोग दहा-वीस वर्षांनी वर येतात.

आता पट्टी गुंडाळल्यावर काय होतं ते पाहू. बाहेरून हात लावून पाहणाऱ्याला वाटतं, नळी थंड झाली. प्रत्यक्षात आतलं बीड आधीपेक्षा तापलेलं असतं. तापकऱ्याला गोधडीवर गोधडी घातली तर वरची गोधडी गारच लागते, अंगातला ताप काही उतरत नाही. साधं करडं बीड ५५०-६०० अंशांच्या वर वारंवार तापलं की त्याची जडणघडण बदलते, ते कायमचं थोडं फुगतं, पृष्ठभाग गंजाच्या खपल्यांनी सुटू लागतो, आणि मग चीर जाते. चीर बहुतेक दोन बोटांच्या बेचक्यात जाते.

दुसरी गोष्ट स्टडची. पस्तीस सेंटिमीटर लांबीचा बिडाचा तुकडा सहाशे अंशांनी तापला तर दोन मिलिमीटरहून जास्त लांबतो. तो ज्या ॲल्युमिनियमच्या हेडला बांधलेला असतो, ते हेड पाण्याने थंड राहतं आणि अर्धा मिलिमीटर कसंबसं लांबतं. ही ओढाताण टोकाच्या स्टडवर येते. म्हणून तुटतात ते टोकाचेच. हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं म्हणजे काय, ते तुमच्या वर्कशॉपच्या उस्तादांना विचारा. चेहऱ्यावरूनच उत्तर कळेल. मॅनिफोल्ड आणखी तापवणं म्हणजे ही ओढाताण वाढवणं.

मग शर्यतीच्या गाड्यांना पट्ट्या का दिसतात, हा चिरंजीवाचा प्रश्न आला. शर्यतीची गाडी काही तास पळते, नंतर सुटी केली जाते, पट्टी उलगडून नळी तपासली जाते, खराब झाली तर बदलली जाते. टर्बो असेल तर वायूतली उष्णता टर्बाइनपर्यंत पोचवण्यात खरा फायदाही असतो. आमच्या गावच्या हवाई तळावर २०२० पासून सुखोई-३० एमकेआयची २२२ वी स्क्वाड्रन आहे. त्यांच्या इंजिनांजवळची उष्णता किती, हे सांगायला नको. पण तिथे प्रत्येक भागाचे तास मोजले जातात आणि ठरल्या वेळी तो उघडून पाहिला जातो. घरच्या गाडीचं बोनेट पेट्रोल पंपावर कोणी हवा भरताना आठवण करून दिली तर उघडतं.

तरीही मी त्याला ‘नाही’ म्हटलं नाही. ‘आधी बघ, धग येते कुठून,’ एवढंच म्हटलं.

बोनेट उघडल्यावर पाच मिनिटांत उत्तर मिळालं. मॅनिफोल्डवर कारखान्यातून एक वाकवलेला पत्रा येतो, त्याला हीट शील्ड म्हणतात. तो जागेवर नव्हता. गेल्या वर्षी मी पुण्याला असताना एका गॅरेजात पॅकिंग बदललं होतं. तिथे विचारल्यावर कळलं, पत्रा खडखडत होता म्हणून काढला आणि मग भंगारात गेला. धगीची तक्रार तेव्हापासूनचीच. असं पुष्कळ गाड्यांचं होतं. आवाज करणारा पत्रा काढला की गिऱ्हाईक खूश, म्हणून फिटरही खूश.

पत्रा दिसायला क्षुल्लक आहे. पण तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारी किरणांची उष्णता केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. ३०० अंश सेल्सिअसचं बीड ६०० अंशांवर गेलं, तर किरणं दुप्पट होत नाहीत, पाचपटीहून जास्त होतात. मध्ये साधा काळा पत्रा आला तरी त्यातली जवळजवळ निम्मी अडते. चकचकीत पत्रा असेल तर त्याहून खूप जास्त. आणि पत्रा व बीड यांच्यामध्ये बोटभर फट असते, तिथून हवा वाहते, म्हणून बीड स्वतः कोंडलं जात नाही. पट्टीत आणि पत्र्यात फरक आहे तो इथे.

बोनेट उघडलंच होतं, तर आणखी एक गोष्ट दिसली. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल पाझरत होतं आणि त्याचा काळा ओघळ थेट मॅनिफोल्डवर उतरत होता. उघड्या बिडावर तेल पडलं की जळतं, वास येतो, आपण नाक मुरडतो आणि शोध घेतो. पट्टीवर पडलं असतं तर पट्टीने ते शोषून घेतलं असतं. तेल प्यालेला धागा म्हणजे समईची वात. मुलगा त्या ओघळाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, “अप्पा, आजी पुढेच बसते ना?” त्यानंतर गाडीला पट्टी लावायची गोष्ट त्याने काढली नाही.

पॅकिंग बदललं. पत्रा बनवून घ्यायला आम्ही भांडीवाल्यांच्या आळीत गेलो. पातेल्याचे काठ वळवणाऱ्या कारागिराने पुठ्ठ्याच्या मापावरून स्टेनलेसचा पत्रा वाकवून दिला, तोही गाडीच्या कोणत्याही कारागिरापेक्षा सुबक. खडखड होऊ नये म्हणून बोल्टखाली मोठे वायसर घातले आणि भोकं जरा लांबट ठेवली, म्हणजे तापल्यावर पत्र्याला सरकायला जागा.

मोजमापात एक मजा झाली. मुलाने तापमापक बंदुकीने नवा पत्रा मोजला, तर आकडा इतका कमी की त्याने उडीच मारली. चकचकीत धातू स्वतःची किरणं कमी सोडतो आणि समोरच्या गार वस्तूंची परत फेकतो, त्यामुळे बंदूक फसते. मग पत्र्यावर सायलेन्सरच्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका दिला आणि त्यावर मोजलं. आकडा चढला. बोनेटची आतली बाजू मात्र खरोखर उतरली होती. दवाखान्याची फेरी करून आल्यावर त्यावर तळहात ठेवता आला, आणि आईने पायांची तक्रार केली नाही.

राहिली पट्टी. आमच्या शेतावर, कालव्याच्या काठी, एक जुना किर्लोस्कर डिझेल पंप आहे. त्याची धूर सोडणारी नळी गुडघ्याच्या उंचीवर आडवी येते. मागच्या हंगामात शेतमजुराच्या मुलाची पोटरी तिथे भाजली, तो व्रण अजून आहे. एकाच वेगाने चालणाऱ्या त्या पंपाची नळी जाड पोलादाची, वायू जिप्सीपेक्षा बराच गार, वर पत्र्याचं छप्पर, तेलाचा थेंब त्या बाजूला येत नाही, आणि नळी गंजली तर शे-दोनशे रुपयांत नवी मिळते. मुलाने पट्टी तिथे गुंडाळली. हातमोजे घालून, कारण धागा कातडीत टोचतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवून. दोन्ही टोकांना स्टीलचे पट्टे. पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा पट्टीतून पांढरा धूर निघाला आणि शेजारचा शेतकरी बादली घेऊन धावत आला. नव्या पट्टीतलं चिकटद्रव्य जळतं त्याचा तो धूर. अर्ध्या तासात थांबला.

ऑक्टोबरपासून इथे पाऊस लागतो, सांबा भाताच्या दिवसांत हवा कायम ओली. पट्टी ओल धरते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत टोकाचे दोन वेढे उलगडून नळीचा गंज बघायचा, असं त्याने वहीत लिहून ठेवलं आहे. सोबत वायर ब्रश आणायला सांगितला आहे.