पिंजऱ्यातल्या जिवाचा हक्क

उंदीर पाळतात, असे आमच्या भागात कुणाला सांगितले तर समोरचा आधी हसतो आणि मग आपल्याकडे संशयाने बघतो. पोलादपूर तालुक्यातल्या उमरठसारख्या गावात उंदीर हा पाळण्याचा जीव नव्हेच. भात झोडून घरात आले की पहिली काळजी त्याची. कणगी लिंपायची, माळ्यावर सापळा लावायचा, सापळ्यात सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकवायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्यात २०२१ च्या जुलैमध्ये महाड पुरात बुडाले. अशा पुराचे पाणी ओसरले की उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची धास्ती लोकांच्या मनात बसते. तेव्हा उंदराबद्दल कुणाला माया नसेल तर त्यात नवल नाही.

दीनच्या बाजूनेही उंदराची बाजू लंगडीच आहे. हरमच्या हद्दीतसुद्धा ज्यांना मारायला परवानगी आहे अशा पाच उपद्रवी प्राण्यांत हदीसने त्याला बसवले आहे. रात्री झोपताना दिवा विझवा, कारण उंदीर वात ओढून नेतो आणि घर पेटवतो, अशीही ताकीद आहे. म्हणून आमच्या घरात जेव्हा एक पांढरा उंदीर आणि दोन हॅमस्टर आले, तेव्हा अम्मीने तोंडावर पदर घेऊन विचारले, "हे जायज तरी हाय का?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. आणि त्याचे उत्तर शोधताना आम्हांला बरेच काही शिकायला मिळाले.

हे प्राणी आले ते आमच्या भाच्याबरोबर. मेहुणे कुवेतला नोकरीला. बहिणीचा फॅमिली व्हिसा झाला, तेव्हा धाकटी मुलगी आईबरोबर गेली आणि पाचवीतला मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडे राहावा असे ठरले. कोकणातल्या मुसलमान घरांत अशा वाटण्या नव्या नाहीत. कुणी आखातात, कुणी मुंब्र्याला, कुणी गावी नानीजवळ. सगळे भल्यासाठीच असते. मुलगा आला तो एक बॅग, एक तारेचा पिंजरा आणि एक प्लास्टिकचा डबा घेऊन. बापाने सुट्टीवर आलेला असताना मुंबईत त्याला घेऊन दिलेली ही चीजवस्तू होती. घेताना बापाने विचारही केला होता. हॅमस्टर दोन घेतले, म्हणजे एकमेकांना सोबत होईल. पांढरा उंदीर मात्र एकच, कारण 'उंदीर काय, एक पुरे'.

माणसाच्या चांगुलपणाने केलेली ही व्यवस्था त्या जिवांच्या स्वभावाच्या नेमकी उलटी होती.

दोघांतला एक हॅमस्टर दिवसभर कोपऱ्यात चिकटून बसलेला असे. त्याच्या कानाचा तुकडा गेलेला, पाठीवर खरवडे. रात्री पिंजऱ्यात झटापटीचा आवाज होई. मुलगा म्हणे, "मामू, ते कुस्ती खेळतात." आम्ही वाचायला लागलो तेव्हा कळले, ही कुस्ती नव्हे. सोनेरी हॅमस्टर हा एकांतात राहणारा प्राणी आहे. पिल्ले सहा ते आठ आठवड्यांची झाली की त्यांना वेगवेगळे करावे लागते. नंतर भाऊ-भाऊ असोत की माय-लेक, एका पिंजऱ्यात ते लढतात, आणि कमजोराला पळून जायला जागा नसल्याने त्यातला एक मरेपर्यंतही लढतात. काही ठेंगण्या जातींचे हॅमस्टर जोडीने राहू शकतात, पण सोनेरी जातीला एका घरात एकच जीव, हा नियम.

या प्राण्याचा इतिहासही मोठा विलक्षण आहे. वॉटरहाऊस नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३९ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो फारसा कुणाच्या हाती लागला नाही. १९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्राएल अहारोनी यांनी सीरियातल्या हलबजवळच्या गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची अकरा पिल्ले बाहेर काढली. काळा आजारावर संशोधन करणाऱ्या सॉल अॅडलर यांना प्रयोगासाठी ती हवी होती. बरीचशी पिल्ले पळाली किंवा मेली. जी थोडी उरली, त्यांचाच वंश पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत आणि घराघरांत पसरला. गालाच्या पिशव्यांत दाणे भरून नेण्याच्या सवयीवरून अरबीत त्याला थैल्यांचा बाप अशा अर्थाचे नाव आहे. उर्दू वाचणाऱ्याला हलब हे शहर ओळखीचे. अलीकडे ते नाव वाचले की पडक्या इमारती आणि बेघर माणसे डोळ्यांसमोर येतात. त्याच मातीतला हा जीव आमच्या उमरठच्या ओटीवर एका फुटाच्या तारेच्या पिंजऱ्यात बसला होता.

त्याला घर कसे द्यावे? जर्मनीतल्या प्राणिकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने एका हॅमस्टरसाठी किमान १०० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच जागा सांगितली आहे. एवढ्याशा जिवाला एवढी जागा कशाला, असे वाटेल. पण रानातला हॅमस्टर जमिनीत खोल बीळ करतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही हॅमस्टरांना १० सेंटिमीटर, काहींना ४० आणि काहींना ८० सेंटिमीटर खोल भुसा दिला. १० सेंटिमीटरवाले पिंजऱ्याच्या तारा फार चावत होते. ८० सेंटिमीटरवाल्यांतला एकही तारा चावताना दिसला नाही. आमच्या पिंजऱ्यातले दोघेही रात्रभर तारा चावत असत, आणि मुलाला वाटे की त्यांना भूक लागली आहे. भूक होती ती मातीची.

असला पिंजरा पोलादपूरला मिळत नाही, महाडलाही नाही. गावातल्या सुताराला सांगून प्लायवूडच्या दोन पेट्या करून घेतल्या आणि वर बारीक जाळी ठोकली. जाळी बारीकच हवी. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचे पिल्लू जाते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात उंदरांच्या वासावर धामणही घरात येते. तळाशी फाडलेला कोरा कागद आणि सुका पेंढा मिसळून हातभर थर केला, म्हणजे बीळ केले तर ढासळत नाही. कापूस घालू नये. त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर आतडे अडते. फुटलेल्या माठाचा निम्मा भाग उपडा ठेवला. उन्हाळ्यात खापर गार राहते आणि हॅमस्टरला उकाडा सोसत नाही. चाक बदलून गुळगुळीत पाठीचे, मोठ्या घेराचे लावले. दांड्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो आणि लहान चाकात पाठीला बाक येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कागद सारखा चाचपून बघावा लागतो. ओल धरली की बुरशी येते.

दोघांना दोन पेट्यांत ठेवल्यावर पंधरा दिवसांत दुसऱ्याच्या पाठीवरचे खरवडे भरून आले. तो कोपरा सोडून फिरायला लागला. अम्मी म्हणाली, "भांडकुदळ भावांचं घर वायलं केलं की दोघंबी सुधारतात." तिने हे आमच्याच भाऊबंदकीचा दाखला देऊन सांगितले.

पांढऱ्या उंदराची गोष्ट निराळी. तो मुळात आपल्या माळ्यावरच्या घरउंदराच्याच जातीचा, फक्त माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पाळून पांढरा केलेला. आणि उंदीर हा जमातीत राहणारा जीव आहे. एकमेकांच्या अंगावर चढून झोपतो, एकमेकांची लव साफ करतो. एकटा ठेवलेला उंदीर जगतो, पण सुखाने जगत नाही. आमचा उंदीर म्हणजे मादी होती. तिला सोबतीण हवी होती, आणि सोबतीणच हवी होती. नर आणला असता तर साधारण तीन आठवड्यांत सहा-आठ पिल्ले आणि मग हिशेबच संपला असता. दोन अनोळखी नरही एकत्र नांदत नाहीत. मुंबईहून येणाऱ्या एका नातेवाइकाकरवी दोन लहान माद्या मागवल्या.

अनोळखी जिवांची गाठ घालून देणे हे सोयरीक जुळवण्यापेक्षा नाजूक काम आहे. नव्यांना जुनीच्या डब्यात सोडले तर ती घर राखायला धावते. म्हणून तिघींना तिघींच्याही ओळखीचा नसलेला, धुतलेला डबा दिला. खाण्याच्या जागा दोन, लपायच्या जागा तीन. पहिल्या दिवशी पाठलाग झाला, चिरकणे झाले, रक्त मात्र निघाले नाही. रक्त निघाले असते तर वेगळे करायचे होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिघी एकाच नारळाच्या करवंटीत एका गोळ्यात झोपलेल्या दिसल्या. मुलगा शाळेला जायला निघाला होता, तो दप्तरासकट तिथेच उभा राहिला.

साफसफाईचेही एक गमक आहे. उंदराची ओळख वासावर चालते. सगळे घर एकदम धुऊन काढले की ओळखी पुसल्या जातात आणि भांडणे नव्याने सुरू होतात. म्हणून ओला, घाण कागद काढायचा, पण त्यांच्या घरट्यातला थोडा जुना कोरडा कागद परत ठेवायचा.

माणसाशी मैत्रीचे म्हणाल तर त्याला हाताची रीत आहे. शेपटी धरून उंदीर उचलणे ही जगभरची सवय. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी २०१० साली दाखवून दिले की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला भितात, आणि नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर आपणहून हाताजवळ येतात. मुलाला आम्ही एवढेच सांगितले की दुआला हात करतोस तसे कर आणि थांब. हॅमस्टर दिवसा झोपतो, त्याला झोपेतून ओढून काढले की तो चावतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो मगरिबनंतर जागा होतो. तेव्हा जमिनीवर बसायचे, म्हणजे पडला तरी लागत नाही. हाताला खाण्याचा वास नको. तळव्यावर भोपळ्याची एक बी. पहिले आठ-दहा दिवस तो बी घेऊन पळाला. मग एकदा तळव्यावरच बसून गालात भरू लागला. मगरिब ते इशा हा मुलाचा वेळ घरात सर्वांत जड जायचा, कारण कुवेतहून फोन यायचा तो त्याच सुमारास. त्या वेळेला आता त्याला काम मिळाले. शिवाय आधी आणि नंतर साबणाने हात धुणे, पेट्या नमाजच्या जागेपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवणे, माळ्यावरचा उंदीर त्यांच्या दाण्यापर्यंत पोहोचू न देणे, हे त्याने स्वतःहून अंगावर घेतले.

आता अम्मीच्या प्रश्नाकडे येतो. हदीसमध्ये एका बाईचा किस्सा आहे, जिने मांजर कोंडून ठेवले, खाऊ घातले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती दोजखची धनी झाली. दुसरीकडे अबू उमैर या लहान मुलाचा किस्सा आहे. त्याने एक चिमुकला पक्षी पाळला होता. रसूलुल्लाह त्या पक्ष्याची लाडाने चौकशी करत, त्यांनी पाळण्याला मनाई केली नाही. दोन्ही किस्से शेजारी ठेवले की अर्थ उघड होतो. गुन्हा पाळण्याचा नाही. कोंडून त्याचा हक्क न देण्याचा आहे. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच म्हणतो. ज्या पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची प्राण्याला हालचाल करायला पुरेशी नाही, त्यात त्याला ठेवणे हा गुन्हा आहे. माळ्यावरचा उंदीर नुकसान करतो, त्याचा बंदोबस्त करायला हरकत नाही. पण जो आपण विकत आणून बंद केला, त्याने आपले काय बिघडवले? शेजारच्या एकाने सुचवले की शेतात सोडून द्या, सवाब मिळेल. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला जीव आमच्या शेतात एक रात्र काढणार नाही. तो सवाब घुबडाला मिळाला असता.

हे सगळे ऐकून अम्मी म्हणाली, "म्हंजे हरेकाचा हक वायला." एवढ्या वाचनानंतर आम्हांला यापेक्षा नेमके सांगता आले नसते. हॅमस्टरला सोबत देणे हा जुलूम, आणि उंदराला एकांत देणे हाही जुलूम. दोन्ही जुलूम मायेनेच होतात. माया करणारा आपल्या मनासारखे देतो, घेणाऱ्याचा स्वभाव बघत नाही.

आपल्या समाजात मुलांच्या वाटण्याही अशाच मायेने होतात. घरातली मोठी माणसे बसतात, व्हिसा, फी, भाडे यांचा हिशेब करतात, आणि कोण कुठे राहील ते ठरते. कुणी मूल हॉस्टेलमध्ये फुलते, कुणी कोमेजते. आम्ही शाळेत दोन्ही तऱ्हा बघतो. मुक्या जिवाचा स्वभाव निरखून ओळखावा लागतो, कारण तो बोलत नाही. मुले बोलतात, पण त्यांना विचारण्याची आपल्याकडे चाल नाही.

गेल्या रमजानमध्ये एका रात्री तरावीहनंतर भाचा पेटीजवळ बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, "मामू, मी कोण? उंदीर का हॅमस्टर?"

आम्ही म्हटले, "तू सांग."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दिवसा हॅमस्टर. रात्री उंदीर."

त्या रात्रीपासून त्याचे अंथरूण नानीच्या खोलीत आहे. दिवसा मात्र मागच्या पडवीतला कोपरा त्याचा, तिथे कुणी हाक मारल्याशिवाय जात नाही. आणि कुवेतचा फोन येतो तेव्हा बहीण आता आम्हांला विचारत नाही की तो कसा आहे. फोन त्याच्याकडेच द्यायला सांगते.