डबीतला पंखा

परवा कपाटाचा खण आवरताना एका जुन्या डबीत इवलासा पंखा सापडला. चार सेंटिमीटरचा. पात्यांवर धुळीचा काळा थर अजून तसाच. "हे भंगार कशाला जपून ठेवलंय?" हिने विचारलं. पटकन उत्तर देता येईना. म्हटलं, इथेच लिहावं.

2009 साली पुतण्याने मला घरीच एक संगणक जुळवून दिला. मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा, म्हणजे 17 सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. हे माप व्हिया कंपनीने 2001 साली आणलं. देवघरातल्या ताम्हणाएवढा तो बोर्ड, आणि पेटी पोळ्यांच्या डब्यापेक्षा जराशी मोठी. आत इंटेलचा अ‍ॅटम 230 प्रोसेसर. "काका, याची उष्णता जेमतेम चार वॅट. तापायचा प्रश्नच नाही," पुतण्या म्हणाला. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं. मास्तर ना!

दोन वर्षं सगळं झकास चाललं. मग 2011 चा मे महिना आला. जळगावचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दुपारी संगणक लावला की वीस-पंचवीस मिनिटांत पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थांबायचं. बाण हलेना, कळ दाबून काही होईना. बंद करून पुन्हा सुरू केला की थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा, की पुन्हा तेच.

मी आधी व्हायरसवर संशय घेतला. मग मेमरीची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवली. मग सगळं फॉरमॅट केलं, त्यात दोन दिवस गेले. तरी तेच. शेवटी पुतण्याला फोन करून चांगला झापला. "घाईघाईत जोडलास, नीट तपासलं नाहीस!" शाळेत वापरायचो तोच आवाज. तो बिचारा गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, वायर काढा आणि झाकण उघडा. आत दोन हीटसिंक दिसतील. मोठीवरचा पंखा फिरत होता का?"

पंख्यात धूळ इतकी दाटली होती की बोटाने ढकलूनही तो अडखळत होता. मोठ्या हीटसिंकला हात लावला आणि चटका बसला. "म्हणजे तुझा चार वॅटचा प्रोसेसरच तापला की!" मी विजयी सुरात म्हणालो.

"नाही काका. छोटी हीटसिंक प्रोसेसरची. मोठी चिपसेटची."

छोटीला हात लावला. कोमट!

मग त्याने समजावून सांगितलं. प्रोसेसरला मेमरीतलं काही हवं असलं की ते चिपसेटच्या हातून यायचं. पडद्यावरचं चित्रही त्यानेच काढायचं. सगळी ने-आण त्याच्याकडे. त्या बोर्डावरचा 945 जीसी चिपसेट जुन्या घडणीचा होता, त्याची उष्णता होती 22 वॅट. साहेब चार वॅटचे आणि त्यांचा निरोप्या बावीसचा! पेटीवर नाव मात्र साहेबांचं. मी रोज बायोसमध्ये जाऊन तापमान बघत होतो, तेही साहेबांचंच.

आणि हवा? ती मीच बंद केली होती. धूळ नको म्हणून पेटी दाराच्या कपाटात ठेवलेली, वर हिने विणलेला रुमाल, तोही नेमका जाळीवर. पुतण्याची चूक शून्य.

दुरुस्ती म्हणाल तर अगदी साधी होती. हीटसिंक उतरवली. खालची पेस्ट वाळून खपली झाली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी लावली. जास्त लावली की थंडावा जास्त, असं नसतं. पेस्ट फक्त दोन पृष्ठभागांमधल्या बारीक फटी भरायला. त्याच मापाचा नवा पंखा बसवला. पेटी कपाटातून टेबलावर आली, भिंतीपासून वीतभर दूर. रुमाल गेला रेडिओवर. त्या दिवशी भर दुपारी तीन तास संगणक चालला, एकदाही अडला नाही.

पुढे इंटेलने मेमरी आणि चित्राचं काम प्रोसेसरच्याच चिपमध्ये घेतलं. 2010 च्या सुमाराच्या अ‍ॅटम बोर्डांवर चिपसेटकडे इतकं थोडं काम उरलं की त्याची उष्णता दोन वॅटच्या आसपास आली. निरोप्याचं ओझं साहेबांनी स्वतः उचललं, असं म्हणायचं.

पण माझ्या मनात त्या चटक्यानंतर आला तो आमचा शाळेचा शिपाई. मुलं मामा म्हणायची, म्हणून आम्हीही मामाच म्हणायचो. 2003 च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेच्या दिवशी तो व्हरांड्यात भोवळ येऊन पडला. आम्ही तेव्हा मुख्याध्यापकांची काळजी करत होतो, "सरांवर केवढा ताण!" म्हणून. बाकं लावणं, घंटा, पाणी, पुरवण्या, पंचवीस वर्गांतून चिठ्ठ्या नेणं हे सगळं पहाटेपासून मामाच करत होता. मी त्याला पाणी दिलं आणि म्हणालो, "मामा, घरून खाऊन येत जा." एवढंच! तो उठला, शर्ट झटकला आणि घंटा द्यायला गेला. खाऊन यायला त्याला वेळ कधी मिळत होता, हे मी विचारलं नाही.

पुतण्याला मी त्याच संध्याकाळी फोन केला. "चूक माझी होती रे," म्हणालो. तो हसला. मामाला मात्र तसं सांगायचं राहूनच गेलं. 2011 साली तो हयात नव्हता.

संगणक 2017 पर्यंत चालला, मग भंगारात गेला. पंखा तेवढा ठेवला. हिला आता उत्तर दिलंय. तिने डबी पुसली आणि खणात परत ठेवली.