फडक्यावरची मासवडी

जुन्नर-आंबेगावात मासवडीचं कौतुक होतं ते सारणाचं आणि रश्श्याचं. भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, तेलात खमंग परतलेला कांदा, ठेचलेला लसूण. नुसतं नाव घेतलं तरी बाजरीची भाकरी आठवते. माझा जीव मात्र जडला आहे तो सारणाभोवतीच्या पातळ बेसनावर. एवढा ऐवज पोटात घेऊन ते कुठेही न उकलता राहतं, आणि ते तसं राखणाऱ्या हातांबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

बेसन हे काही ताणायचं पीठ नव्हे. गहू मळला की त्यात ग्लूटेनची जाळी तयार होते, म्हणून पुरण भरलेली कणीक लाटताना पसरत जाते. हरभऱ्याच्या पिठात ही जाळी नाही. त्याची सगळी मदार उष्णतेवर. उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरतो, आणि गरम आहे तोवर पीठ वळवाल तसं वळतं. गार झालं की घट्ट बसतं. मग दुमडायला जावं तर चीर पडते. गणपतीच्या मोदकासाठी तांदळाची उकडही याच कारणाने गरम असतानाच मळतात.

म्हणून मासवडीच्या दिवशी सारण आधी तयार होतं. ते कोरडं हवं. कांद्यात ओल राहिली तर बेसन आतून भिजतं. मग फोडणीत हिंग, हळद, तिखट, मीठ घालून पाण्याला आधण आणायचं, एका हाताने बेसन वैरायचं आणि दुसऱ्याने घाटत राहायचं. एकही गुठळी राहता कामा नये, कारण वडी नेमकी तिथेच उकलते. झाकण ठेवून वाफ काढली, ओल्या बोटाला पीठ चिकटेनासं झालं, की पातेलं खाली येतं.

आता घाई असते. पोळपाटावर ओलं, पिळलेलं सुती फडकं तयार असतं. त्यावर गरम गोळा टाकून, हात पाण्यात बुडवत, चटका सोसत तो पातळ थापायचा. सारण पसरताना कडा मोकळ्या सोडायच्या. आणि मग जाणती बाई नव्या सुनेला सांगते, “अगं, पिठाला हात नको लावू, फडकं उचल.” झोळीतलं बाळ उचलावं तसं फडक्यासकट बेसन उचललं जातं, सारणावर अलगद पडतं, कडेला कड मिळते. फडक्यावरूनच दाबून माशासारखा निमुळता आकार द्यायचा. बोटांचा जोर एका जागी न पडता सगळ्या कापडावर वाटला जातो, म्हणून बेसन फाटत नाही. वडी गार होऊन बसली की सुरीने कापतात. प्रत्येक तुकड्यात काळपट सारण आणि भोवती पिवळी, सलग किनार.

वडी रश्श्यात उकळत नाहीत. रस्सा वाटीत वेगळा वाढतात, बुडवायचं ते खाणाऱ्याने. इतक्या निगुतीने जपलेलं आवरण पानात पडेपर्यंत शाबूत राहावं, हा त्यामागचा आदर मला फार मोलाचा वाटतो.

मसाल्याचं प्रमाण वहीत उतरवता येतं. बेसन कुठवर गरम हवं, फडकं किती पिळलेलं हवं, हे मात्र करणारीच्या शेजारी उभं राहूनच कळतं. घरातल्या मुलींइतकंच मुलांनाही तिथे उभं करायला हवं. तो चटका त्यांच्याही तळहातांना ओळखीचा व्हायला हवा.