परक्याचे धन

‘मुलगी म्हणजे परक्याचे धन’ हे वचन आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या ऐकू येत आले आहे. मुलींच्या बाबतीत मला ते कधीच पटले नाही. जी पोटची, ती परक्याची कशी? परंतु आमच्या इंदूरच्या घरी, मागच्या पडवीत, गेली काही वर्षे जी बेवारशी कुत्री आणि पिल्ले येऊन राहिली, त्यांना मात्र हे वचन तंतोतंत लागू पडते. रस्त्यावरचे पिल्लू घरी आणावे, बरे करावे, माणसांची सवय लावावी आणि कायमचे घर मिळाले की तेथे पोचते करावे, असा हा क्रम. आम्ही त्याला नुसते ‘सांभाळ’ म्हणतो.

२०१७ साली इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले. रस्त्यांवरच्या कचरापेट्या गेल्या आणि कचऱ्याची गाडी दारोदार येऊ लागली. नागरिक म्हणून ही अभिमानाचीच गोष्ट. पण उकिरड्यावर जगणाऱ्या मुक्या जिवांचे ताट त्याबरोबर उचलले गेले, हेही खरे. शिळ्या पोळीसाठी आमच्या फाटकाशी येणारी एक कुत्री त्या पावसाळ्यात मोटारीखाली गेली आणि तिची चार पिल्ले पडवीत आली. तेव्हापासून आजवर २३ जीव आमच्याकडे राहून गेले.

दया आली म्हणून हे काम होत नाही. त्याला शास्त्र आहे. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. तेव्हा गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून जवळ ठेवावी लागते. मायेने पाजलेले गाईचे दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. सर्वांत मोठा वैरी म्हणजे पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगाला माहीत झालेला हा रोग चार-दोन दिवसांत पिल्लू नेतो, आणि त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. साध्या फिनाइलला तो दाद देत नाही; फरशी ब्लिचिंगच्या पाण्याने धुवावी लागते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, हे वेळापत्रक आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेले असते.

याहून नाजूक काम मनाचे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तेराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे दिसते, ऐकू येते, ते त्याला पुढे जन्मभर आपले वाटते. म्हणून कुकरची शिट्टी, आरतीची झांज, शेजारची रांगती मुले, काठी टेकत येणारे आजोबा, या सर्वांची ओळख त्याच दिवसांत करून द्यावी लागते. आमच्या सासूबाई सोवळ्याच्या कडक. “देवघराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही हो,” एवढीच त्यांची अट होती. पण पुढे त्याच पडवीत बसून पिल्लांना ऐकू जाईल अशा बेताने रामरक्षा म्हणू लागल्या. “दत्तगुरूंच्या पायाशी असतातच की,” असे वर समर्थनही करीत.

घर मिळवणे मात्र कठीण. लोकांना जातिवंत कुत्रे हवे असते. गावठी, त्यातही मादी म्हटली की पाहुणे चहा पिऊन उठतात. अशीच एक तांबूस कुत्री आमच्याकडे आली, मागचा एक पाय कायमचा अधू झालेली. तिला ‘तांबू’ म्हणू लागलो. एरवी दोन-तीन महिन्यांत सुटणारा प्रश्न तिच्या बाबतीत अकरा महिने सुटला नाही. त्याच वर्षी ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. एकटे चालणे ह्यांच्या स्वभावात नाही. तांबू मात्र तीन पायांवर ह्यांच्याच गतीने चालायची. सकाळचा तो फेरा हेच ह्यांचे औषध झाले. आणि तेव्हाच देवासहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. पाय अधू असल्याचे ठाऊक असून त्यांना तीच हवी होती.

मी म्हटले, “अहो, हिला ठेवूनच घेऊ या.” हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पडवी एकच आहे. ही राहिली तर पुढचे कुठे जाईल? तिला घर मिळाले आहे. पुढच्याला अजून मिळायचे आहे.” त्या रविवारी ह्यांनीच तिला देवासला नेऊन सोडले. परतल्यावर आठ दिवस सकाळी फिरायला गेले नाहीत. नवव्या दिवशी मीच चपला घातल्या. आता आम्ही दोघे जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात, ज्यांना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यावयाचे असेल त्यांना महापालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असे म्हटले. ही अट मला फार महत्त्वाची वाटते. हौसेने नेलेले आणि महिन्याभरात सोडून दिलेले पिल्लू पूर्वीपेक्षा अधिक पोरके असते. म्हणून आम्ही येणाऱ्याला आधी पाच प्रश्न विचारतो: घर स्वतःचे की भाड्याचे, घरमालकाची संमती आहे का, दिवसभर घरी कोण असते, गावाला गेल्यास सोय काय, आणि नसबंदी व लसी करून घ्याल ना. मुलगी देताना चौकशी करतो, तशीच ही.

महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाने सोबतच्या कुत्र्याला सोडले नाही आणि स्वर्गाचे दारही नाकारले, अशी महाभारतातील कथा आहे. आमच्यासारख्यांचा धर्म थोडा निराळा. आम्हांला सोडायचेच असते. मात्र योग्य हाती, योग्य वेळी आणि डोळे पुसून. ज्यांना कुत्रे कायमचे पाळणे झेपत नाही, अशा पुष्कळ घरांत एक कोपरा आणि दोन-तीन महिने निघू शकतात. जन्माची जबाबदारी नको म्हणून कोणी मागे सरत असेल, तर त्याच घरांची या कामाला अधिक गरज आहे.