सायलीच्या जागी अबोली

आमच्या घरात तांदळाचे दोन डबे होते. एका डब्यात नुसता तांदूळ, दुसऱ्यात तांदळाखाली आईची वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, पाठ सुटली तेव्हा तिनं गोधडीच्या दोऱ्यानं परत शिवलेली. मालवणच्या किनाऱ्यावर मिरगापासून पुढचे चार महिने कागद जिवंत ठेवणं सोपं नसतं. कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, पाकिटं आपोआप चिकटतात. तांदूळ ओल ओढून घेतो, म्हणून वही तांदळात. मला बरीच वर्षं ती हिशेबाची वही वाटायची, कारण मनीऑर्डर येऊन गेली की रात्री तो डबा उघडल्याचा आवाज यायचा.

हिशेब नव्हता त्यात. इंदिरा संतांच्या कविता होत्या. निळ्या शाईत, सातवी पास अक्षरात, दर कवितेखाली उतरवल्याची तारीख. शाळेतले एक गुरुजी वाचनालयाचं पुस्तक आठवड्यासाठी द्यायचे. आठवड्यात विकत घेण्याइतके पैसे जमत नाहीत, पण हात चालतो.

वडील परळला गिरणीत होते. गणपतीला यायचे, मे महिन्यात यायचे, बाकी वर्षभर पोस्टमन यायचा. वाडीतल्या निम्म्या घरांची हीच तऱ्हा. सासू-सासरे, शेत, गुरं, पोरं आणि चाकरमान्याचं पत्र, एवढ्यात बाईचं वर्ष सरायचं. अशा घरात बेळगावच्या एका प्राध्यापक बाईची कविता काय करत होती, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

इंदिराबाईंचं आयुष्य सांगायचं तर वरवर साधं आहे. जन्म 1914 चा. माहेरच्या त्या दीक्षित. कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आणि पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिक्षण, मग नारायण संतांशी लग्न. दोघंही लिहिणारे. 1940 मध्ये दोघांच्या कवितांचा मिळून ‘सहवास’ निघाला. सहा वर्षांनी, 1946 मध्ये, नारायणराव गेले. मुलगा प्रकाश तेव्हा नऊ वर्षांचा; हाच पुढे ‘वनवास’ लिहून मराठीला लंपन देणारा प्रकाश नारायण संत. बाई बेळगावात शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत राहिल्या, पुढे प्राचार्य झाल्या, आणि लिहीत राहिल्या. 1951 चा ‘शेला’, 1955 चा ‘मेंदी’, 1957 चा ‘मृगजळ’, 1964 चा ‘रंगबावरी’. गेलेल्या माणसाशी इतकी वर्षं, इतक्या हलक्या आवाजात कुणी बोलत राहिल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला तरी आठवत नाही. त्यांच्या दुःखाला आक्रोश जमत नाही. ते संध्याकाळी दिवा लावतं, भिंतीला टेकून बसतं, पाऊस ऐकतं.

मी ज्युनिअर कॉलेजात असताना, नव्यानं शहाणपण आलं होतं तेव्हा, आईला म्हटलं, “अगं, तिचा नवरा वारला होता. तुझा तर लालबागच्या खोलीत आहे. तुला काय लागतं त्यात?”

आई वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तिचो घोव गेलो, माझो मुंबयक गेलो. रात दोगींची सारकीच गो.”

समीक्षेची बरीच पुस्तकं मी नंतर वाचली. इंदिराबाईंवर यापेक्षा नेमकं बोललेलं सापडलं नाही.

वहीत सगळ्यात जास्त हाताळलेलं पान पावसाच्या कवितेचं. तुम्हाला ती माहीत असणार. एक बाई पावसाला विनवते, माझ्या गळक्या घरावर असा धुडगूस घालू नकोस. मग एकदम सूर बदलते आणि त्याच पावसाला कामाला लावते. इतकं तुझं सोसलं, तर आता आठ कोस पुढे धाव, वाटेवर असलेल्या माझ्या माणसाला अडव आणि माघारी आण. आईनं आठ कोसांचा हिशेबही करून ठेवला होता. आमच्याकडून आठ-नऊ कोसांवर कसाल. तिथं एसटी हायवेला लागते. पावसानं अडवायचं तर कसालच्या आत. एकदा हायवे लागला की माणूस मुंबईचा.

हे थट्टेतलं नव्हे. एका वर्षी गौरी-गणपती झाल्यावर वडील निघाले आणि रात्री परत आले. खेडला जगबुडीचं पाणी पुलावर चढलं होतं, गाड्या सुटत नव्हत्या. दोन दिवस ते घरी राहिले. त्या दोन दिवसांत आई काही विशेष वागल्याचं मला आठवत नाही. आंबोळ्या घातल्या, एवढंच. वहीत मात्र त्या कवितेखाली दुसरी तारीख पडलेली आहे आणि पुढे लिहिलंय, “ऐकलान.” पावसानं ऐकलं, असं.

बारावीनंतर मी बेळगावला शिकायला गेले. सावंतवाडी, आंबोलीचा घाट, धुक्यातनं वर चढून पठारावर. आमच्या बाजूच्या माणसाला बेळगाव पुण्यापेक्षा जवळचं. बाजाराला, डॉक्टरला, लग्नाच्या बस्त्याला तिथंच जायचं. इंदिराबाई त्याच गावात राहत होत्या. ‘गर्भरेशीम’ला 1984 मध्ये साहित्य अकादमी मिळालेली, नाव मोठं झालेलं. पत्ता मैत्रिणीनं मिळवून दिला होता. मी गेले नाही. जाऊन सांगणार काय होते, माझी आई तुमच्या कविता चोरते?

तिथं पहिल्यांदा त्यांचे छापील संग्रह विकत घेतले, आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी येऊन वही पुस्तकांशी ताडली. आईनं बरंच बदललेलं निघालं. कुठं ऱ्हस्व-दीर्घ, ते सोडा. पण शब्दच दुसरे. पावसाच्या कवितेत दारात सायली आहे. वहीत दारात अबोली. वृत्ताला धक्का नाही, यमकही निसटलेलं नाही. मी लाल पेन घेतलं आणि तिच्या वहीतल्या अकरा ‘चुका’ दुरुस्त केल्या. तेव्हा मला फार छान काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

आई काही बोलली नाही. मे महिन्यात वही परत उघडली तर लाल अक्षरं ब्लेडनं खरवडलेली, आणि कागद पातळ झाला होता तिथं जपून, टोकानं लिहिलेलं: अबोली. विचारल्यावर म्हणाली, “आमच्या दारात खय आसा सायली?”

अकराच्या अकरा जागी तिनं असंच केलं होतं.

पुढं कुठंतरी वेल्समधल्या अ‍ॅन ग्रिफिथ्सविषयी वाचलं. शेतकऱ्याची मुलगी; 1805 मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर वारली. स्वतःच्या भाषेत भक्तिगीतं रचायची आणि घरातल्या रूथ इव्हान्स नावाच्या मोलकरणीला म्हणून दाखवायची. रूथला लिहिता येत नव्हतं, तिनं ती तोंडपाठ ठेवली; तिच्याकडून ऐकून तिच्या नवऱ्यानं, जॉन ह्यूजनं, ती उतरवली. आज ती वेल्श साहित्याचं वैभव मानली जातात. आपल्या बहिणाबाईंचं काय वेगळं? सोपानदेवांनी कागदावर घेतलं, अत्र्यांनी पाहिलं आणि 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक आलं. इंदिराबाईंना असा मधला हात लागला नाही. त्या शिकलेल्या होत्या, स्वतः लिहिलं, स्वतः छापलं. पण रूथनं पाठ केलेल्या ओळींत तिचं स्वतःचं काही मिसळलं नसेलच, असं मी आता शपथेवर सांगणार नाही. एखादी अबोली असेलही.

1992 मध्ये कोल्हापूरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक इंदिराबाई हरल्या. ज्या गावात त्या शिकल्या, त्याच गावचं संमेलन. मला मतदारांचा राग आला होता, अजूनही आहे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, निवडणुकीक उभी कित्याक रवली? तिच्या लेखी ते बाईंच्या मोठेपणाला शोभणारं नव्हतं. 1995 मध्ये जनस्थान पुरस्कार मिळाला, तेही तिनं असंच ऐकून सोडलं.

एक गोष्ट राहिली. वहीतल्या तारखा 1983 मध्ये एकाएकी थांबतात. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही, आणि पुढच्या वर्षी वडील ट्रंक घेऊन कायमचे गावी आले. मी विचारलं होतं, मग लिहिणं का सोडलंस? “माणूस घरात आसलो की वेळ खय गावता?” ती हसत होती की नाही, हे मला सांगता येणार नाही. वडील चहा दिवसातून पाच वेळा घ्यायचे.

त्यानंतर वहीत एकच नोंद आहे. 13 जुलै 2000 ला इंदिराबाई बेळगावात गेल्या. पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा. आईनं त्या दिवशीची तारीख घातली आणि खाली दोन शब्द: “बाई गेल्या.” कविता नाही, काही नाही.

आई आता नाही. वही माझ्याकडे आहे, अजून तांदळातच. मी मराठी शिकवते, म्हणून कुणी सुचवलं की ही वही नीट करून छाप, मूळ पाठ बाजूला दे, पाठभेद दाखव. छापणार नाही. पण तुमच्या घरी, माळ्यावर किंवा ट्रंकेत, आईची-आजीची अशी उतरवलेल्या कवितांची वही असेल, तर रद्दीत देण्याआधी एकदा छापील पुस्तकाशी ताडून पाहा. आणि हातात लाल पेन घेऊ नका.